आधी पाणी, मग रोपं

गटाने मिळून झाडं लावायची असतील तर रोपं आणण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: जागामालकाची निदान पाच वर्षांची लेखी परवानगी आणि जवळ पाण्याचा नळ. तोंडी होकार माणूस बदलला की संपतो. नळ लांब असला तर बादल्या वाहून लोक महिन्याभरात थकतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात रोपं जातात.

निधी मागताना देखभालीचा खर्च अर्जातच मांडा. रोपांसाठी पैसे देणारे भेटतात. पाइप, खत, अवजारांची दुरुस्ती यांना नंतर सहसा कुणी देत नाही. जमलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा तरी पुढच्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवा. खातं गटाच्या नावावर, सह्या दोघांच्या, हिशेब दरमहा फलकावर.

पाणी रोज थोडंथोडं शिंपडू नका, मुळं वरवरच राहतात. रोपाभोवती हातभर रुंद आळं करा आणि आठवड्यातून एक-दोनदा १५ ते २० लिटर सावकाश मुरू द्या. मातीत बोट खुपसून पाहा: दोन पेरांखाली ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. वर ५ ते ८ सेंटिमीटर पालापाचोळा पसरा, पण खोडापासून चार बोटं लांब. टेकला तर साल कुजते. पिशवीत गोल फिरलेली मुळं लावतानाच मोकळी करा, नाहीतर पुढे तीच झाडाला आवळतात.

किती रोपं लावायची हे खड्डे मोजून नव्हे, पाणी घालणारे हात मोजून ठरवा. पाणी घालायच्या प्रत्येक दिवशी यादीत दोन नावं हवीत. सुट्ट्यांत एकट्यावर सोपवलेलं काम हमखास राहून जातं.