पॅरिसनंतरचा अर्धा तास

प्रश्न : मी ३१ वर्षांचा. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो, म्हणजे काढायचो. चार वर्षांत तीन नोकऱ्या सोडल्या. ज्या प्रकाशनाचं फुटकळ काम करतो, त्यांनी पूर्णवेळ पानं लावायचं काम देऊ केलंय. ते माझं काम वाटत नाही, अजून उत्तर दिलेलं नाही. तीन वर्षं एक सोबतीण आहे. समजूतदार आहे, ‘घे हवा तेवढा वेळ’ म्हणते. पण हे प्रेम आहे की सवय, कळत नाही. ‘फ्रान्सेस हा’ सिनेमा सहा वेळा पाहिला. त्यातली नायिका फ्रान्सेस म्हणजे मीच. भर गर्दीत फक्त दोघांनाच कळणारी एक नजर हवी, असं ती म्हणते, तसंच मला हवंय. (ती पॅरिसहून परतली की मी बंद करतो. पुढचं पाहिलेलं नाही.) काय करू?
— अधांतरी

उत्तर : तिशी ओलांडलेल्यांना मी अहो-जाहो करते. तुला नाही करणार, कारण तुझं ते कंसातलं वाक्य वाचून तुझा कान धरावासा वाटला.

सहा वेळा! अख्खा सिनेमा ८६ मिनिटांचा. आणि पुढचं पाहिलेलं नसताना नेमकं कुठे थांबायचं, हे तुला बरं कळलं?

तुझ्या वाट्याचा सिनेमा मलाही आवडतो. सत्तावीस वर्षांची नाच शिकणारी मुलगी, मैत्रीण घर सोडून गेलेली, भाडं परवडत नाही, या घरातून त्या घरात. मग क्रेडिट कार्डावर दोन दिवसांचं पॅरिस आणि तिथेही निम्मा वेळ झोपेत. कृष्णधवल असल्यामुळे ही सगळी फरफट दिसतेही देखणी. तू तिच्याच प्रेमात आहेस, तिच्या फरफटीच्या.

आता तू न पाहिलेलं सांगते. पॅरिसहून आल्यावर नृत्यसंस्थेची बाई तिला कचेरीतलं काम देऊ करते. नाचाचं नाही, टेबलाचं. आणि ती नाक वर करून नाही म्हणते. ओळखीचं वाटलं? पुढे आपल्याच जुन्या कॉलेजात उन्हाळ्यापुरती पडेल ती कामं करते, आणि मग परत येऊन तेच टेबल घेते. त्या टेबलावर बसूनच ती पहिल्यांदा स्वतःचा नाच बसवते.

आणि तुझी ती नजर? मिळते तिला. त्याच अर्ध्या तासात, तो नाच झाल्यावर, गर्दीत. कुणाकडून ते सांगत नाही. तुला वाटतंय त्याच्याकडून नाही, एवढंच.

‘ते माझं काम नाही’ म्हणे! अरे, चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची का असतात, ठाऊक आहे ना? मोठा कागद छापून घड्या घातल्या की सोळा-सोळा पानांचे फर्मे पडतात, म्हणून. कुठलं चित्र पान उलटल्यावर दिसायला हवं, कुठे मजकुराने गप्प बसावं, हे पानं लावणाऱ्याच्या हाताला कळतं. चार वर्षांत चित्रं का थांबली, याबद्दल तू पत्रात एक ओळही लिहिलेली नाहीस. मीही विचारत नाही. पण इतरांची चित्रं रोज हातातून गेली, तर तुझा हात किती दिवस गप्प बसेल, ते मला बघायचंय.

तुझ्या समजूतदार सोबतिणीचं कौतुक मी करणार नाही. तीन वर्षं ‘घे हवा तेवढा वेळ’ म्हणणाऱ्या माणसालाही उत्तर ऐकायची भीती वाटत असते. तुम्ही दोघं मिळून एकच सिनेमा थांबवून बसला आहात. आणि ‘प्रेम की सवय’ हा प्रश्न आत्ता खिशात ठेव. ज्याला साध्या एका पत्राचं उत्तर देववत नाही, त्याला याचं उत्तर आज सापडणार नाही, आणि सापडलं तरी मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

तेव्हा आज, हे वाचून झाल्यावर, प्रकाशनाला ‘हो’ लिही. एक ओळ पुरे. ‘माझा थोडा विचार चालू होता’ वगैरे लिहू नकोस, त्यांनाही ते दिसतंय.

ते पाठवल्याशिवाय उरलेला सिनेमा बघायचा नाही. सहा वेळा आपणहून थांबलास, सातव्यांदा माझ्यासाठी तासभर थांब. मग तिला शेजारी बसव, पॅरिसपासून लाव, आणि रिमोट दोघांपैकी कुणाच्याही हाताला लागणार नाही असा लांब ठेव.