फोंड्याला नोकरीला आल्यापासून पोट साफ होत नाही, रोज रात्री चूर्ण घ्यावं लागतं. खाण्यात काय बदल करू?

मी गोव्यातलाच, डिचोलीचा. नोकरीच्या पहिल्या वर्षांत हाच त्रास मीही काढलाय, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी मिळेल ती भाजी-पाव, रात्री दहाला मेसचं जेवण आणि लगेच अंथरूण, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते दुखणं सकाळी रिकामं पोट ठेवण्यात आणि रात्री उशिरा जेवण्यात आहे.

पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, आणि सकाळी ही हालचाल सगळ्यात जोरात असते. त्या वेळी तुम्ही त्याला दोन बिस्किटं देता आणि बस पकडायला धावता. शौचाची भावना दाबली की मल आत राहतो, त्यातलं पाणी आतडं शोषून घेतं आणि तो कडक होतो. म्हणून अर्धा तास लवकर उठा. खा आणि मग दहा मिनिटं निवांत बसा, फोन बाहेर ठेवून.

काय खायचं? आमच्याकडे पेज, म्हणजे तांदळाची पातळ कांजी. वाटीभर उकडे तांदूळ धुवायचे, सहा-सात वाट्या पाणी घालून मंद आचेवर ठेवायचे. आई झाकण पूर्ण लावत नाही, पळी आडवी टाकून ठेवते, नाहीतर पेज उतू जाते. पाऊण तासाने दाणा फुलून उकलतो आणि पाणी गढूळ, दाटसर होतं, तेव्हा मीठ. उकड्या तांदळाचं भात सालासकट उकडून मग कांडतात, त्यामुळे कोंड्यातलं ब1 जीवनसत्त्व थोडं दाण्यात उतरतं. पेजेत तंतू मात्र फार नसतात. तिच्यामुळे पोटात ऊब आणि पाणी जातं. तंतूंसाठी सोबत अळसांद्याची (चवळीसारखं कडधान्य) उसळ किंवा आदल्या रात्रीची तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, घ्या. चेपणीची तोरां, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैऱ्या, चवीला एखादंच. त्यात मीठ भरपूर असतं, रक्तदाब असेल तर नकोच.

रोज पेज जमणार नाही हे मला ठाऊक आहे. मग नाचणीची तिजान (पातळ खीर), किंवा पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, पोई (कोंड्याचा गोल पाव). पण पोई फोडून बघा. आत पांढरीशुभ्र, मऊ असेल तर मैदाच जास्त आहे, वरचा कोंडा नुसता भुरभुरलेला. खरी पोई आतूनही तपकिरी दिसते आणि चावायला वेळ लागतो.

दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत. ते एकदम वाढवू नका, पोट फुगेल. पहिल्या आठवड्यात फक्त एक भाजी वाढवा, पुढच्या आठवड्यात कडधान्य, आणि पाणी त्या मानाने जास्त प्या. पावसाळ्यात बाजारात बायका तायकिळा (टाकळा), अळू घेऊन बसतात, ते सोडू नका. मेसवाल्या काकींना या भाज्या करायला सांगून बघा, एवढं त्या नक्की करतील.

रात्रीचं जेवण आठला आणि झोप साडेदहा-अकराला, एवढं जमलं तर छातीत जळजळ होत असेल तीही उतरेल. जेवून लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं. सोलकढी अवश्य प्या, आमसुलांची चव जेवणाला रुची आणते. पण तिने बद्धकोष्ठ जातं असं मी म्हणणार नाही.

आता चूर्ण. डबीवर सोनामुखी लिहिलंय का बघा. ती आतड्याला ढोसून काम करून घेते. कधीतरी घेणं वेगळं, रोज महिनोन्महिने घ्यायची नाही. कसं बंद करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही त्यांना सांगा, त्यांनीही मल कडक होतो. आणि शौचातून रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल, किंवा पोटदुखीने रात्री जाग येत असेल तर यातलं काहीही करत बसू नका, सरळ तपासून घ्या.

मला नीट फरक पडायला तीन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात काहीच झालं नव्हतं, तेव्हा त्या आठवड्यात कंटाळू नका.