लेकीच्या वर्क-स्टडीबद्दल विचारलंत, म्हणून

ताई, तुमचे यजमान एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेला निघालेत, लेक दहावीत आहे, पुढे कॉलेजात तिला सरकारी वर्क-स्टडीचं, म्हणजे सरकारी मदतीतून पगार मिळणारं विद्यार्थ्यांचं अर्धवेळ काम मिळून फीला हातभार लागेल का, असं तुम्ही विचारलंत. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या योजनेतलं नाही मिळणार. ती नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि निर्वासितांसारख्या मोजक्यांसाठीच आहे. वॉशिंग्टन, मिनेसोटासारख्या काही राज्यांच्या स्वतःच्या योजना आहेत, त्यांच्या अटी वेगळ्या. फॅफ्सा, म्हणजे शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीचा अर्ज, वगैरे सगळं सरकारी साइटवर वाचायला मिळेल.

लेक तुमच्याबरोबर एच-फोरवर, म्हणजे एच-वनबीवाल्याच्या बायकोमुलांच्या व्हिसावर येईल. त्यावर मुलांना कमाईच करता येत नाही, कॉलेजच्या स्वतःच्या पैशातलं कँटीनचं कामसुद्धा नाही. नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीनं भरलेला अर्ज, मंजूर झालं की बायकोला २०१५ पासून वर्क परमिट मिळतं. मला मिळालं. माझ्या लेकीला नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी ती मैत्रिणीबरोबर लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम मागायला गेली. मैत्रीण ग्रीन कार्डवाली, तिला मिळालं. ही घरी येऊन म्हणाली, "आई, मला चालत नाही हे तू आधी का नाही सांगितलंस?" मलाच माहीत नव्हतं. बाराव्या वर्षापासून इथल्या शाळेत शिकलेली मुलगी माझी.

एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा, करून घेतला तर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, पण बऱ्याच राज्यांत रहिवाशांची कमी फी हातची जाऊ शकते. आम्ही ती आकडेमोड करत वर्ष घालवलं. मग आय-५३९, म्हणजे व्हिसाचा प्रकार बदलायचा अर्ज, भरला आणि महिनोन्महिने रोज केस नंबर टाकून बघायचो. तसंही २१ पूर्ण झाली की एच-फोर संपतोच.

एकटेपणाचं विचारलंत. होते सवय.

सवय होत नाही ती वेगळ्याच गोष्टीची. "दोन वर्षांत परतच जायचंय" म्हणत आम्ही चार वर्षं कंपनीकडे ग्रीन कार्डचा विषय काढला नाही. भारतीयांची रांग एवढी लांब, की वेळेत काढला असता तरी लेकीच्या एकविसाव्या वाढदिवसाआधी नंबर लागला नसता कदाचित. माझे यजमान हेच म्हणतात. मला ते पटतं, आणि तरी रात्री झोप लागत नाही.

तुम्ही ऑफरवर सही करण्याआधी ग्रीन कार्डची प्रक्रिया कधी सुरू करणार ते कंपनीकडून लेखी घ्या. आणि लेकीला हे सगळं आत्ताच, तिकिटं काढायच्या आधी सांगा. दहावीतल्या मुलीला कळतं.