ई-लोडर हळू चालवला की उरलेली वीज जाते कुठे? आणि चढावर कंट्रोलर इतका का तापतो?

तुमची गाडी 48 व्होल्टची आहे. एक्सलेटर अर्धाच पिळला तर बाकीची वीज जळून वाया जाते का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय माल भरून उड्डाणपूल हळूहळू चढताना बॅटरीचा मीटर 10 अँपिअरच दाखवतो, तरी कंट्रोलरला (बॅटरीची वीज मोजून मोटरला सोडणाऱ्या डब्याला) हात लावता येत नाही, हे कसं? मी नागपुरात याच गाड्या दुरुस्त करतो. कळमना मार्केटला संत्र्यांचे क्रेट वाहणारे लोडर माझ्याकडे नेहमी येतात. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकाच ठिकाणी आहे.

आधी वीज जळण्याचं सांगतो. घरातल्या पंख्याचा जुना, मोठा चौकोनी रेग्युलेटर आठवा. पंखा एकवर ठेवला की तो गरम व्हायचा, कारण नको असलेली वीज त्याच्या आतल्या तारेत जळायची. तुमच्या गाडीत तसं होत नाही.

एक्सलेटरमधून मोटरचा करंट जातच नाही. मुठीत एक छोटं चुंबक आणि ते किती सरकलं हे ओळखणारा एक हॉल सेन्सर असतो, आणि तिथून तीन बारीक वायरी निघतात: एक 5 व्होल्टची, एक अर्थ, एक सिग्नलची. मूठ सोडलेली असताना सिग्नलवर साधारण 0.8 व्होल्ट मिळतात, पूर्ण पिळली की साडेतीन-चारच्या आसपास. ही फक्त कंट्रोलरला दिलेली सूचना. (यातली अर्थची वायर तुटली तर सिग्नल चढून 5 व्होल्टकडे जाऊ शकतो आणि गाडी आपोआप सुटू शकते. चांगला कंट्रोलर हा बिघाड ओळखून मोटर बंद करतो, स्वस्तातला ओळखेलच असं नाही. म्हणून मुठीजवळ घासलेली वायर दिसली तर त्याच दिवशी बदला.)

खरं काम मॉसफेट करतात. मॉसफेट म्हणजे विजेचा असा स्विच, जो सेकंदाला पंधरा-वीस हजार वेळा चालू-बंद होतो. एकूण वेळेच्या पाव भाग चालू राहिला, तर मोटरला 48 ऐवजी सरासरी 12 व्होल्ट मिळतात. मग गाडी धक्के का देत नाही? कुंभार चाकाला काठीने अधूनमधून गती देतो आणि चाक मात्र सलग फिरत राहतं, तसंच इथे. मोटरच्या वेटोळ्यातला करंट एकदम थांबत नाही. मॉसफेट जोडीने असतात, वरचा बॅटरीच्या प्लसकडे आणि खालचा मायनसकडे. वरचा बंद असतो त्या क्षणी करंट खालच्या मॉसफेटमधून वाट काढून फिरत राहतो. त्या वेळात बॅटरीकडून काहीही घेतलं जात नाही.

तुमच्या मीटरचं कोडं इथेच सुटतं. बॅटरीकडून 48 व्होल्टला 10 अँपिअर येतात, म्हणजे 480 वॉट. मोटरला 12 व्होल्टच मिळत असतील तर तेच 480 वॉट तिथे 40 अँपिअर होऊन पोचतात. थोडी घट धरा, पण हिशेब हाच. तुमचा मीटर बॅटरीच्या वायरवर आहे, त्याला ते 40 अँपिअर कधी दिसतच नाहीत. मॉसफेट आणि कंट्रोलरकडून मोटरला जाणाऱ्या पिवळी, हिरवी, निळी या तीन जाड वायरी (फेज वायरी) मात्र तेच झेलतात. आणि करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते.

मोटर फिरायला लागली की ती स्वतः उलटा दाब (उलटं व्होल्टेज) तयार करते आणि करंटला आवर बसतो. उभ्या मोटरमध्ये तो दाब शून्य. वेटोळ्याचा रेझिस्टन्स 0.1 ओहम धरला तर 48 व्होल्ट थेट लावल्यावर 480 अँपिअर धावतील. ते होऊ नये म्हणून कंट्रोलर क्षणोक्षणी करंट मोजतो आणि मर्यादा आली की एक्सलेटर कितीही पिळा, पुढे जाऊ देत नाही.

माझी कळकळीची विनंती आहे, चढावर गाडी एक्सलेटरने धरून ठेवू नका. तुमच्यासारख्या गाडीतली बीएलडीसी (बिनब्रशची) मोटर फिरत असते तेव्हा तिच्या आतल्या हॉल सेन्सरच्या इशाऱ्यावर कंट्रोलर फेजची पाळी बदलत राहतो आणि भार सगळ्या मॉसफेटमध्ये वाटला जातो. गाडी जागेवर तोलून धरली की पाळी बदलत नाही, सगळा करंट त्याच दोन फेजमधून आणि त्याच मॉसफेटमधून वाहत राहतो. गेल्या मे महिन्यात एका तरुणाने पुलाच्या चढावर, ट्रॅफिकमध्ये, क्रेट भरलेली गाडी अशीच धरून ठेवली होती. कंट्रोलर उघडला तर एक मॉसफेट फुटलेला, त्याच्या पायाजवळचं कथील वितळून पसरलेलं, आणि फेज वायरीचं थिंबल (टोकाला बसवलेली धातूची कडी) ढिलं असल्याने काळं पडलेलं. हँडब्रेक ओढून थांबला असता तर त्याचा तो दिवस बुडाला नसता. थिंबलचे नट महिन्यातून एकदा आवळा, कंट्रोलरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरची माती झटका आणि त्यावर ताडपत्री टाकू नका.

तुमचा कंट्रोलर आधीच दुखावला आहे का, हे घरी बघता येतं. सपाट जागेवर चावी आणि बॅटरीचा एमसीबी दोन्ही बंद करा, ब्रेक सुटे आहेत ना ते बघा आणि गाडी ढकला. अडखळत, झटके देत सरकत असेल तर तिन्ही फेज वायरी कंट्रोलरपासून सोडवा. थोडं थांबून सोडवा, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. वायरींची टोकं एकमेकांना लागू न देता परत ढकला. आता मोकळी धावली तर मॉसफेट शॉर्ट आहे. तरीही अडखळली तर मोटरचं वाइंडिंग किंवा बेअरिंग तपासून घ्या.