कडबाकुट्टीत वडिलांच्या बोटाची शीर (बोट हलवणारा कंडरा, म्हणजे टेंडन) तुटली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हाताचा सर्जन कसा शोधायचा?

योजनेच्या रुग्णालय यादीत ‘हँड सर्जन’ शोधू नका, आपला जिल्हा आणि ‘प्लास्टिक सर्जरी’ निवडा; हाड मोडलं असेल तर अस्थिरोगही बघा. कारण योजनेत डॉक्टर नव्हे, रुग्णालय अंगीकृत (योजनेत सामील) असतं, तेही विभागवार. यादी जमत नसेल तर १५५३८८ या टोल-फ्री नंबरवर विचारा. रुग्णालयात केसपेपर काढण्याआधी आरोग्यमित्राला (तिथल्या योजनेच्या मदतनीसाला) गाठा, रेशनकार्ड, आधार दाखवून एवढंच विचारा: “बोटाची शीर जोडायचं ऑपरेशन इथे योजनेत होतं का, आणि करणारे सर्जन कोणत्या वारी असतात?” मात्र मंजुरीच्या नादात दिवस घालवू नका. तुटलेली शीर आखडते, आठवड्याभरात जोडलेली बरी. उशीर होतोय असं दिसलं तर सरळ जवळचं सरकारी मेडिकल कॉलेज गाठा.