पाने चावणारी वाचक

प्रश्न : माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे. तिच्यासाठी चित्रांची पुस्तके आणली. पण ती पाने चावते, पुस्तक उलटे धरते आणि दोन मिनिटांत फेकून देते. सासूबाईंना हे सारे फार लवकर वाटते. नणंदेने अक्षरे आणि चित्रे दाखवणारे मोबाइल ॲप सुचवले आहे. पुढे इंग्रजी माध्यमाची शाळा ठरल्यामुळे पुस्तकेही इंग्रजीच वाचावीत, असे पतीचे मत आहे. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : या वयात हाती येणारी प्रत्येक वस्तू तोंडात जाते, कारण बाळ ओठांनी आणि जिभेनेही वस्तू ओळखत असते. तेव्हा पातळ कागदाची पुस्तके तूर्त वर ठेवून जाड पुठ्ठ्याची किंवा कापडी पुस्तके तिच्या हाती द्यावीत. ती महाग वाटत असल्यास घरात साठलेल्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर आजी, आजोबा, तिची वाटी, शेजारचे मांजर यांचे फोटो चिकटवून पाने शिवून घ्यावीत; स्टेपलरच्या पिना मात्र लावू नयेत. आजीच्या फोटोवर मूल जितके रमते, तितके जिराफावर रमत नाही.

अक्षरओळखीच्या दृष्टीने पाहता सासूबाईंचे म्हणणे खरेच आहे. परंतु या वयात पुस्तक उघडायचे ते बाळाशी बोलायला काहीतरी निमित्त मिळावे म्हणून. कावळ्याच्या चित्रावर बोट ठेवून ‘काऊ कुठे आहे?’ असे विचारावे आणि थांबावे. हे थांबणेच बहुतेक मोठ्यांना जमत नाही. मनात पाच आकडे मोजेपर्यंत आपण गप्प राहिलो, तर ती पानावर हात आपटेल किंवा ‘बा’ असे काहीतरी म्हणेल. तेच उत्तर समजून ‘हो, काऊ! आपल्या खिडकीत येतो ना, तोच!’ असे म्हणावे. घास भरवताना काऊ-चिऊला बोलावणाऱ्या आजी नेमके हेच करत असतात, तेव्हा अधूनमधून पुस्तक त्यांच्याच हाती द्यावे. दोन मिनिटांनी तिने ते फेकले, तर त्या वेळचे वाचन संपले असे समजावे.

ॲपच्या बाबतीत मात्र मी स्पष्टच नकार देईन. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या इंग्रजीभाषक बाळांवर एक प्रयोग केला. ज्या बाळांशी चिनी भाषक व्यक्ती समोर बसून खेळली आणि बोलली, त्यांना मँडरिन या चिनी भाषेतील ध्वनींचे भेद ओळखता येऊ लागले. तेच बोलणे पडद्यावर पाहिलेल्या बाळांना त्याचा काहीही लाभ झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक वर्षाखालील बाळांना पडदा दाखवूच नये, असे म्हटले आहे.

भाषेचे म्हणाल, तर जिच्यात आपण न अडखळता लाड करू शकता, रागावू शकता आणि गाऊ शकता, ती भाषा वापरावी. पती इंग्रजीत सहज बोलत असतील, तर त्यांनी खुशाल इंग्रजीत वाचावे.

एक गोष्ट लक्षात असू द्या. वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळ बडबडत नसेल, हावभाव करत नसेल किंवा हाकेला वळून पाहत नसेल, तर ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात’ असे म्हणून वाट पाहू नये. बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन श्रवणतपासणी करून घ्यावी.

प्रश्न : अडीच वर्षांचा नातू रोज एकच पुस्तक वाचायला लावतो. कंटाळून एखादे वाक्य गाळले, तर लगेच पकडतो. दुसरी पुस्तके कशी लावावीत? त्याला आता अक्षरे गिरवायला बसवावे का?
— एक आजोबा, बेळगाव

उत्तर : गाळलेले वाक्य ज्याला कळते, त्याला ते पुस्तक पाठ झाले आहे, हे कौतुकाचेच लक्षण आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात २०११ साली झालेल्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांनी वेगवेगळ्या गोष्टी ऐकण्यापेक्षा त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकून नवे शब्द अधिक चांगले आत्मसात केल्याचे आढळले. कंटाळा आपल्याला येतो, त्याला नाही. वाक्याचा शेवटचा शब्द त्याला म्हणू द्या आणि नवे पुस्तक जुन्याच्या शेजारी नुसते ठेवून द्या.

गिरवण्याची घाई करू नये. पेन्सिल धरण्याजोगी बोटे अजून तयार व्हायची आहेत. तोवर कणकेचे गोळे, वाटाणे सोलणे आणि खडूने अंगणभर रेघोट्या ओढणे पुरेसे आहे.