पोस्ट कशासाठी, किती खोल?

रूट कॅनाल झालंय. डॉक्टर म्हणतात, पोस्ट (मुळात बसवायची बारीक काडी) टाकून कॅप बसवू. पोस्टमुळे दात मजबूत होईल ना?

नाही होणार. हा गैरसमज पेशंटचाच असतो असं नाही, आम्हा डेंटिस्टांतही तो भरपूर आहे. वरचा दात फारसा उरलाच नसेल, तर कॅपखालचा बिल्डअप, म्हणजे दाताच्या जागी भरून उभारलेला भाग, धरून ठेवणं एवढंच पोस्टचं काम. भिंती शाबूत असलेल्या दाढेला तो सहसा लागत नाही. पोस्टसाठी मूळ जितकं कोराल, तितकं ते कमकुवत होतं.

मी इंटर्न आहे. पोस्टला जागा करायला गटा-पर्चा (रूट कॅनालमध्ये भरलेला रबरासारखा पदार्थ) किती काढायचा आणि कशानं?

आधी किती ठेवायचा ते ठरवा. मुळाच्या टोकाशी ४ ते ५ मिमी हवाच, जंतूंना अडवणारं बूच तेवढंच. वर्किंग लेंग्थ (दाताच्या वरच्या कडेपासून मुळाच्या टोकापर्यंतची मोजलेली लांबी) २१ मिमी असेल तर स्टॉपर, म्हणजे हत्यारावरची खोलीची खूण, १६ वर लावा. पोस्टची मुळाच्या आतली लांबी निदान कॅपच्या उंचीइतकी असावी; मूळ आखूड असल्यानं दोन्ही जमत नसेल, तर बूच राखा आणि पोस्ट आखूड करा.

वरचा गटा-पर्चा तापलेल्या प्लगरनं (बोथट टोकाच्या दांडीनं) काढा, मग पीसो रीमर, म्हणजे मशीनवर फिरणारं कोरायचं हत्यार. पीसोचं टोक कापत नाही म्हणून तो मऊ वाटेनं जातो, पण वळणाशी जोर लावलात तर भिंत फोडेल. दाढेत वरच्या जबड्यात टाळूकडचं मूळ घ्या, खालच्या जबड्यात मागचं. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळाची मागच्या मुळाकडची बाजू फार पातळ असते, तिथं जाऊच नका. पोस्टच्या चहूबाजूंनी १ मिमी डेंटिन (दाताचा आतला कठीण भाग) उरलं पाहिजे, आणि हो, हे सगळं रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा, लावूनच.

माझा फायबर पोस्ट कॅपसकट दोनदा निघाला. धातूचा घालू का?

काठी फाटू नये म्हणून टोकाला शेंबी घालतात ना? कॅपलाही हिरडीच्या वर दीड-दोन मिमी खरा दात सभोवती कवेत घ्यायला लागतो. तो नसेल तर पोस्ट कशाचाही असो, टिकत नाही. कधी भिंतीवर सीलरचा (गटा-पर्चा चिकटवणाऱ्या लेपाचा) थर राहून जातो आणि सिमेंट धरत नाही, तेही तपासायला सांगा. फायबर सुटला तर बहुधा परत बसवता येतो; धातूच्या ताठ पोस्टनं मूळ उभं तडकलं तर बहुतेकदा दात काढावा लागतो.